अंगणावरचे छत आणि विदर्भातले ऊन : वाचकांची पत्रे, आमची उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांचा विषय एकच होता. घराला लागून असलेल्या ओट्यावर, अंगणात किंवा गच्चीवर उष्णता अडवणारे छत, म्हणजे बाजारात ज्याला सर्वजण 'पफ पॅनेल' म्हणतात ते, घालावे की नाही आणि घातले तर कसे, हा तो विषय. बहुतेक पत्रे विदर्भातली आहेत, हे ओघानेच आले. त्यांतली निवडक पत्रे येथे घेतली असून पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण त्यातले बरेचसे विवेचन पुढच्या पत्रांनाही लागू पडते.

नागपूर येथील एक निवृत्त शिक्षक लिहितात : आमच्या घराच्या पश्चिमेला, बैठकीच्या खोलीला लागून, १२ फूट रुंद आणि १६ फूट लांब असा फरशी घातलेला ओटा आहे. त्यावर पंधरा वर्षांपूर्वी साधा पत्रा टाकला होता. मार्चच्या अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत सकाळी दहानंतर तेथे बसवत नाही. आता पत्रा काढून पफ पॅनेल टाकण्याचा विचार आहे. एक फॅब्रिकेटर म्हणतो, ५० मिलिमीटर जाडी पुरे. दुसरा म्हणतो, १०० मिलिमीटरच घ्या, एसीसारखे गार वाटेल. तिसऱ्याच्या मते ही उठाठेवच नको, पॉलीकार्बोनेट टाकावे, म्हणजे उजेडही राहील. कोणाचे ऐकावे?

पहिल्याचे ऐकावे, मात्र त्याने न सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी त्याच्याकडून कबूल करून घ्याव्यात. दुसऱ्याने दिलेले 'एसीसारखे गार' हे आश्वासन कोणत्याही जाडीचे पॅनेल पाळू शकणार नाही. ते का, हे एकदा नीट समजले की बाकीचे निर्णय सोपे होतात.

आपल्या ओट्यावर बसवत नाही, याची कारणे दोन आहेत आणि ती वेगवेगळी आहेत. एक म्हणजे हवा तापलेली असते. मे महिन्यात नागपुरात ती ४३ ते ४५ अंशांवर जाते. दुसरे कारण म्हणजे डोक्यावरचा पत्रा. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे २६ मेच्या सुमारास, म्हणजे ऐन नवतप्यात (उन्हाळ्यातल्या सर्वांत कडक नऊ दिवसांत), भर दुपारी सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. त्या उन्हात जुना, मळलेला पत्रा ६५ अंशांपर्यंत तापतो. तापलेली वस्तू खालच्या बाजूला उष्णतेचे प्रारण करीत राहते, आणि ते हवेला न विचारता थेट आपल्या डोक्यावर, खांद्यांवर आणि फरशीवर येऊन पडते. ६५ अंशांचा पत्रा आणि हवेइतके, म्हणजे ४३-४४ अंशांचे छत यांच्यातला फरक काढला, तर पत्रा दर चौरस मीटरला दीडशे वॅटपेक्षा अधिक उष्णता खाली टाकतो. आपला ओटा १७.८ चौरस मीटरचा आहे. याचा अर्थ, दुपारी आपण अडीच हजार वॅटपेक्षा मोठ्या शेगडीखाली बसलेले असता.

पफ पॅनेल ही शेगडी विझवते. त्यात दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये पॉलियुरेथेनचा फेस भरून घट्ट केलेला असतो, आणि त्या फेसातल्या बारीक बंद पेशींमुळे उष्णता पलीकडे फार हळू जाते. वरचा पत्रा ६५ अंशांना आणि खालचा ४४ अंशांना धरला, तर ५० मिलिमीटर जाडीच्या पॅनेलमधून आपल्या संपूर्ण छतातून सुमारे पावणेदोनशे वॅट उष्णता खाली येईल. १०० मिलिमीटर घेतले तर ती निम्म्यावर, म्हणजे ८५-९० वॅटवर येईल. पहिल्या ५० मिलिमीटरने अडीच हजारांचे पावणेदोनशे केले. पुढच्या ५० मिलिमीटरने, दाम जवळजवळ दुप्पट मोजून, एका जुन्या छतपंख्याला लागते तेवढीच बचत केली. तिन्ही बाजूंनी उघड्या असलेल्या ओट्यावर एवढा फरक कोणाला जाणवणार नाही. ३० मिलिमीटरनेही आपले काम भागले असते, परंतु ५० मिलिमीटरचे पॅनेल अधिक ताठ असते, साडेचार-पाच फुटांवर पर्लिन, म्हणजे पॅनेल ज्यावर टेकते ते आडवे लोखंडी दांडे, ठेवले तरी झोल पडत नाही, आणि पावसाचा ताशा वाजल्यासारखा आवाजही त्याखाली बराच दबतो. पुढेमागे ओटा काचांनी बंद करून तेथे खरोखरच एसी लावायचा असेल, तर मात्र ८० मिलिमीटरचा विचार करावा, कारण तेव्हा आतली हवा आणि बाहेरची हवा वेगळी होते आणि अडवलेला प्रत्येक वॅट विजेच्या बिलात दिसतो.

हवा मात्र छताने गार होत नाही. उघड्या ओट्यावरची हवा ही अंगणातलीच हवा असते, आणि ती ४४ अंशांची असेल तर उत्तम छताखालीही ती ४४ अंशांचीच राहील. तिच्यासाठी विदर्भात पिढ्यानपिढ्या जो उपाय आहे तोच करावा लागतो : पाणी. आपल्याकडची मे महिन्यातली हवा कोरडी असल्यामुळे वाळ्याच्या ताट्या किंवा डेझर्ट कूलर जे काम येथे करतात ते मुंबईत करू शकत नाहीत. कूलरची हवा उघड्या जागेत पसरून जाते हे खरे, तरी बसणाऱ्याच्या अंगावर येईल असा तो ठेवला तर निवांत बसता येते. तापलेल्या पत्र्याखाली तोच कूलर निरुपयोगी वाटत होता, कारण अंगावर गार झोत आणि डोक्यावर शेगडी अशी ती ओढाताण होती.

आता आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा शब्द : 'पश्चिमेला'. तिघांपैकी एकाही फॅब्रिकेटरने त्याची दखल घेतलेली दिसत नाही. मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात दुपारी चारच्या थोडे पुढे सूर्य क्षितिजापासून सुमारे ३४ अंशांवर असतो. छताची बाहेरची कड आठ फुटांवर असेल तर त्या वेळी ऊन साडेअकरा फूट आत येते. आपला ओटा बारा फूट रुंद आहे. म्हणजे चार वाजल्यानंतर छत पफचे असो की सोन्याचे, ऊन भिंतीपर्यंत पोहोचणार. म्हणून वाचवलेल्या पैशांतून पश्चिमेच्या कडेला बांबूची चीक, वाळ्याचा पडदा किंवा निदान शेडनेटचा गुंडाळता येणारा पडदा बसवावा. उत्तरेच्या बाजूलाही पडद्याची सोय ठेवावी, कारण त्या दिवसांत सूर्य ठीक पश्चिमेला मावळत नाही. तो तेथून तेवीस अंश उत्तरेकडे सरकलेला असतो आणि संध्याकाळचे तिरपे ऊन त्या कोपऱ्यातून घुसते.

पॉलीकार्बोनेटबद्दल थोडक्यात. उजेड राहील हे खरे आहे, पण आत येणारा तो उजेड म्हणजेच उष्णता आहे. शिवाय हे प्लॅस्टिक उन्हाने पोलादापेक्षा पाचपटींहून अधिक वाढते. बारा फुटांचा तुकडा पहाट आणि दुपार यांच्यातल्या ४० अंशांच्या फरकाने सुमारे साडेनऊ मिलिमीटर लांब होतो, तर तेवढाच पोलादी पत्रा दोन मिलिमीटरही वाढत नाही. कारागीर घट्ट भोके पाडून स्क्रू आवळतात आणि दोन-तीन उन्हाळ्यांत त्या भोकांपासून तडे जातात. उजेड हवाच असेल तर छताच्या उत्तरेकडच्या कडेला एक फूट-दीड फूट रुंदीची पट्टी, सैल भोके ठेवून, पॉलीकार्बोनेटची घ्यावी.

राहिला वारा. जाडीच्या वादात वाऱ्याचा हिशेब कोणीच करीत नाही, आणि छते उडतात ती मात्र वाऱ्याने. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा पायाभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. त्या वेगाचा दाब दर चौरस मीटरला ११८ किलोच्या आसपास भरतो. पॅनेलचे स्वतःचे वजन चौरस मीटरला दहा-अकरा किलोच असते. उघड्या ओट्यावर वारा खालून शिरतो आणि वरून ओढतो, म्हणून अवकाळी वादळात आपले छत खाली कोसळण्यापेक्षा वर उचलले जाण्याची भीती अधिक. १७.८ चौरस मीटरचे ढोबळ गणित केले तर ती ओढ दोन टनांच्या थोडी वर जाते; पॅनेल आणि लोखंडी सांगाडा मिळून चारशे किलो वजा केले तरी सतराशे किलो धरून ठेवायचे उरतात. चार खांब असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वाचारशे किलो आले. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल असा काँक्रीटचा ठोकळा सुमारे ५४० किलोंचा असतो, म्हणजे जेमतेम पुरेल. सहा खांब घ्यावेत, म्हणजे हाताशी काही राखीव राहील. फरशीवर चार इंची बोल्टने ठोकलेली बेस प्लेट (खांबाच्या पायाशी जोडलेली लोखंडी पट्टी) येथे चालणार नाही. घराकडच्या बाजूला सांगाडा विटांच्या भिंतीत ठोकून टांगण्याची पद्धत आहे, तीही टाळावी. काँक्रीटच्या तुळईत किंवा कॉलममध्ये अँकर बोल्ट घ्यावेत, नाहीतर त्या बाजूलाही खांबच उभे करावेत. आणि अंगणात काळी माती असेल तर खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा, कारण ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पाया दरवर्षी थोडाथोडा हलवते. हा सगळा हिशेब ढोबळ आहे. स्थापत्य अभियंत्याकडून तो एकदा तपासून घेण्याचा खर्च संपूर्ण कामाच्या मानाने किरकोळ असतो.

उतार घराकडून बाहेर, बारा फुटांना किमान एक फूट ठेवावा. हा साधारण पाच अंशांचा उतार होतो. भिंतीकडे नऊ फूट आणि बाहेर आठ फूट अशी उंची त्यात सहज बसते. तासाला १०० मिलिमीटर या जोराचा पाऊस आपल्या छतावरून मिनिटाला तीस लिटर पाणी पन्हळीत आणतो, आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरकरांनी अतिमुसळधार पाऊस पाहिलेला आहे. पन्हळीला चार इंची पाइप लावला की पुरे, पण जवळ कडुनिंब असेल तर तोंडाशी जाळी बसवावी. मार्च-एप्रिलमध्ये गळलेला पाला जूनमध्ये नेमका तेथेच अडकतो.

अमरावती येथील एक गृहिणी लिहितात : आमच्या अंगणातल्या छताचे काम पुढच्या आठवड्यात सुरू होत आहे. यजमान नोकरीनिमित्त बाहेरगावी असतात. कारागिरांवर लक्ष मला एकटीलाच ठेवायचे आहे. माल खरा आहे की नाही आणि काम नीट होते आहे की नाही, हे मी कसे ओळखावे?

आपल्याला लागणारी मुख्य अवजारे म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि एक मोजपट्टी. माल आल्यावर पॅनेलचा एक फूट बाय एक फूट तुकडा कापून मागावा. कापाकापीत असे तुकडे उरतातच. दोन्ही बाजूंचे पत्रे अर्ध्या मिलिमीटरचे आणि मधला फेस ५० मिलिमीटरचा असेल, तर त्या तुकड्याचे वजन ९०० ग्रॅमच्या वर भरले पाहिजे. ते ७०० ग्रॅमच भरले, तर पत्रा ०.३५ मिलिमीटरचा आहे असे समजावे. व्यवहारात फसवणूक बहुधा येथेच होते. जाडी बोलताना 'पाच-पाच', म्हणजे दोन्ही पत्रे अर्ध्या मिलिमीटरचे, म्हणायची, पावतीवर काहीच लिहायचे नाही आणि वरून रंगाचा थरही जाडीतच धरायचा, ही तिची रीत. म्हणून पावतीवर पत्र्याची जाडी रंगाशिवाय, मिलिमीटरमध्ये, लिहून घ्यावी.

फेसाचीही परीक्षा घ्यावी. त्याच तुकड्यातून दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद आणि पाच जाड असा नुसत्या फेसाचा ठोकळा सुरीने काढावा. चांगल्या पफची घनता घनमीटरला ४० किलोच्या आसपास असते, तेव्हा हा ठोकळा २० ग्रॅमचा भरतो. तो आठ-दहा ग्रॅमचा भरला आणि मोडल्यावर त्यातून पांढरे गोल मणी सुटले, तर आत थर्माकोल आहे. थर्माकोलही उष्णता अडवतो, पण तेवढ्याच जाडीत पफच्या साधारण दोन-तृतीयांश. दर मात्र पफचा घेतला जाऊ नये.

आता काम. सांगाड्याचे सगळे वेल्डिंग, घासकाम आणि रंगकाम पॅनेल चढण्यापूर्वी पूर्ण झाले पाहिजे. पॅनेल चढल्यानंतर 'एक टाका राहिला' म्हणून कोणी वेल्डिंगची कांडी हातात घेतली, तर ताबडतोब थांबवावे. पॉलियुरेथेन पेटते आणि त्याचा धूर विषारी असतो, त्यात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. पॅनेल कापायला ग्राइंडर वापरू देऊ नये, कारण त्याच्या ठिणग्या कडेचा रंग आणि जस्ताचा थर जाळतात, जिगसॉने (बारीक उभ्या पात्याच्या विजेवरच्या करवतीने) कापावे. कापताना आणि भोके पाडताना उडालेला लोखंडाचा कीस त्याच संध्याकाळी मऊ झाडूने काढून टाकावा. तो राहिला तर पहिल्याच पावसात छतावर गंजाचे ठिपके उमटतात आणि मग 'पत्राच खराब निघाला' असा वाद सुरू होतो.

पॅनेलवर पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. तो ओरखडे पडू नयेत म्हणून असतो, कायम ठेवण्यासाठी नव्हे. काही घरांत तो नवेपणाची खूण म्हणून तसाच ठेवतात. आपल्याकडच्या उन्हात काही आठवड्यांत तो भाजून असा चिकटतो की नंतर नखानेही निघत नाही. पॅनेल बसवता बसवताच तो सोलून घ्यावा.

स्क्रू पॅनेलच्या उंचवट्यावर असावेत, पाणी वाहते त्या खोलगट भागात नव्हेत, आणि प्रत्येकाखाली रबराचा वॉशर असावा. वॉशर किंचित फुगेल इतकाच स्क्रू आवळावा. तो चेपून बाहेर आला तर उन्हाने लवकर फाटतो. कडांना आणि कोपऱ्यांना स्क्रू जवळजवळ हवेत, कारण वाऱ्याची ओढ तेथे सर्वांत जास्त असते. भिंतीशी जेथे पॅनेल मिळते, तेथे पत्र्याची पट्टी गिलाव्यात खाच पाडून तिच्यात बसवून घ्यावी. नुसती सिलिकॉनची नळी फिरवून काम उरकण्याकडे कारागिरांचा कल असतो. तो जोड एक-दोन पावसाळे टिकतो. खांबांचे पाय मातीत किंवा साचणाऱ्या पाण्यात नकोत, काँक्रीट जमिनीच्या वर सहा इंच आलेले असावे. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी नळाची नळी लावून अर्धा तास छतावर, विशेषतः भिंतीच्या जोडावर, पाणी सोडून पाहावे. वैशाखात पाण्याची ही उधळपट्टी जिवावर येते, पण आषाढात बैठकीच्या खोलीत बादल्या मांडण्यापेक्षा ती परवडते.

चंद्रपूर येथील एक वाचक लिहितात : आमच्या घराची वरची खोली रात्री बारापर्यंत भट्टीसारखी असते. संपूर्ण गच्चीवर पफ पॅनेलचे छत घालावे म्हणतो. खोलीही गार होईल आणि उन्हाळ्यात छताखाली गच्चीवर झोपताही येईल.

आपली पहिली अपेक्षा बरोबर आहे आणि दुसरी चुकीची. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते खालच्या खोलीत ओततो. त्यावर सावली पडली, तर खोलीत मोठा फरक पडतो. पण गच्चीवरच्या झोपेचे सुख वेगळ्याच कारणाने असते. उन्हाळ्यातल्या कोरड्या, निरभ्र रात्री आकाश उष्णतेच्या दृष्टीने फार थंड असते आणि उघड्यावरची फरशी, गादी, आपले अंग हे सगळे त्याच्याकडे उष्णता सोडून निवत जातात. मध्ये छत आले की ही वाट बंद होते. पफचे छत तर ती पक्की बंद करते, कारण ते जसे ऊन आत येऊ देत नाही तसेच रात्री उष्णता बाहेर जाऊ देत नाही. ज्यांनी संपूर्ण गच्ची झाकली, त्यांच्यापैकी अनेकजण पुढच्या मे महिन्यात खाटा घेऊन अंगणात उतरलेले दिसतात.

म्हणून झोपायची खोली ज्या भागाखाली येते तेवढाच भाग झाकावा आणि उरलेल्या गच्चीला चुन्याचा पांढरा लेप किंवा चायना मोझॅक (पांढऱ्या टाइलांच्या तुकड्यांची फरशी) करावे. छत आणि कठडा यांच्यात चारही बाजूंनी वारा वाहील अशी मोकळी जागा ठेवावी. गच्चीवर वाऱ्याचा जोर अंगणापेक्षा जास्त असतो, आणि पायासाठी खोदायला तेथे जमीन नसते. खांब घराच्या कॉलमच्या डोक्यांवरच उभे राहिले पाहिजेत. ब्रिकबॅट कोब्यात, म्हणजे गळती रोखणाऱ्या विटांच्या तुकड्यांच्या थरात, मध्येच भोके पाडून बोल्ट ठोकले, तर उष्णता थांबेल आणि गळती सुरू होईल.

आणखी एक पर्याय सुचवावासा वाटतो. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट आणि त्यापुढच्या घरगुती सौर संचासाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. तेवढा संच सुमारे तीनशे चौरस फूट गच्ची व्यापतो आणि तिच्यावर सावली धरतो. खालून वारा खेळता राहिला तर स्लॅबच्या दृष्टीने ती सावली छताइतकीच कामाची. पफ पॅनेलचे छत आधी घालून त्यावर पुढे सौर संच बसवायचा असेल, तर हे आजच ठरवावे, कारण त्याचे आधार पॅनेलच्या पातळ पत्र्यात नव्हे, खालच्या पर्लिनमध्ये जावे लागतात आणि पर्लिन त्या हिशेबानेच जाड घ्यावे लागतात. बांधकामापूर्वी महानगरपालिकेची परवानगी घ्यावी. घर गृहनिर्माण संस्थेत असेल तर गच्ची एकट्याची नसते. संस्थेची लेखी संमतीही हवी.

यवतमाळ येथील एक वाचक विचारतात : नव्या छताखाली अंगणातली चूल आणि उन्हाळी कामाची मोठी शेगडी ठेवता येईल का?

पफखाली ठेवू नये. पुरणाचा घाट किंवा कुरडयांचा चीक तासभर रटरटत असतो आणि जाळ वर उठतो. पत्र्याच्या आत काय आहे, हे आम्ही वर सांगितलेच आहे. चुलीवरचा भाग वेगळा काढून तेथे साधा पत्रा ठेवावा किंवा रॉकवूल (दगड वितळवून काढलेल्या तंतूंची लोकर) भरलेले पॅनेल घ्यावे. रॉकवूल पेट घेत नाही, मात्र ते जड असते आणि ओले झाले की निकामी होते, म्हणून त्याच्या कडा नीट बंद करून घ्याव्यात. जाता जाता एक गोष्ट : संपूर्ण अंगण झाकण्यापूर्वी घरातल्या बायकांना वाळवण कोठे घालणार हे विचारावे. आमच्या ओळखीच्या एका घरात हा प्रश्न छत पूर्ण झाल्यावर निघाला, आणि आता पापड शेजाऱ्यांच्या गच्चीवर वाळतात.

वेंगुर्ले येथील एक वाचक विचारतात : विदर्भातल्या नातेवाइकांनी पफ पॅनेलची शिफारस केली आहे. आमच्याकडे ते चालेल का?

चालेल, पण कारण वेगळे असेल. आपल्याकडे पारा क्वचितच विदर्भाइतका चढतो. त्रास दमटपणाचा असतो आणि तो वाऱ्यानेच कमी होतो, म्हणून बाजू शक्य तितक्या उघड्या ठेवाव्यात. ३० मिलिमीटर जाडी पुरेल. उताराला मात्र कंजुषी करू नये, दहा अंशांचा ठेवावा. पत्रा ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप दिलेला आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, कारण खाऱ्या हवेत सर्वांत आधी स्क्रूची डोकी जातात. छताची वरची बाजू पाऊस धुऊन काढतो. खालच्या बाजूला साचलेले मीठ तसेच राहते आणि गंज तेथूनच सुरू होतो. महिन्या-दोन महिन्यांनी खालची बाजू गोड्या पाण्याने धुवावी.

जळगाव येथील एक वाचक लिहितात : आम्ही भाड्याच्या घरात राहतो. मागच्या पडवीवर साधा पत्रा आहे. घरमालक तो बदलू देणार नाहीत, आणि आमचीही फार खर्च करण्याची तयारी नाही. काही करता येईल का?

करता येईल, आणि ऊन मी म्हणू लागण्यापूर्वी, फेब्रुवारीतच करावे. पत्रा स्वच्छ धुऊन वरून पांढरा रंग द्यावा. त्यासाठी उष्णता परतवणारे तयार रंग मिळतात. साधा चुना द्यायचा तर त्यात थोडा फेव्हिकॉल घालतात, पण तो पावसाने धुऊन जातो आणि दरवर्षी द्यावा लागतो. मळलेला पत्रा आणि पांढरा पत्रा यांच्या तापमानातला फरक हाताला कळण्याइतका असतो.

दुसरा उपाय खालून करावयाचा आहे. बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकला चकचकीत ॲल्युमिनियम लावलेला कागद गुंडाळीत मिळतो. तो पत्र्याला चिकटवू नये. पत्र्याच्या खाली एक-दोन इंच अंतर सोडून तारांवर ताणावा आणि चकचकीत बाजू खाली, माणसांकडे करावी. चकचकीत पृष्ठभाग तापला तरी प्रारण फार कमी करतो, आणि खाली तोंड असल्यामुळे त्यावर धूळ बसत नाही. मधले अंतर मात्र राखावे. कागद पत्र्याला टेकला की पत्र्याची उष्णता थेट त्यात उतरते. घर सोडताना तारा कापून, कागद गुंडाळून सोबत नेता येतो, त्यामुळे मालकांच्या परवानगीचाही प्रश्न उरत नाही. पत्र्यावर ओली पोती टाकण्याची रीत खानदेशात आहे. तिने दुपार सुसह्य होते, पण पाणी सतत शिंपावे लागते आणि दोन उन्हाळ्यांत पत्र्याला भोके पडतात. पत्रा मालकांचा असल्यामुळे हा उपाय आम्ही सुचवीत नाही.